हलक्या हातानं

मंगळवारी सकाळी सहा महिन्यांच्या एका बाळाला लस टोचायच्या आधी मीनाक्षीनं सहज फोन पाहिला, तर आलेल्या मेलमध्ये तिचंच नाव. डॉक्टर मीनाक्षी पुराणिक, रिंगसाइड फिजिशियन. खाली हॉलचा पत्ता, शनिवारची तारीख, दुपारी दोनची वेळ, आणि लायसन्सची कॉपी ताबडतोब पाठवा अशी इन्शुरन्सवाल्यांची विनंती. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नवऱ्यानं, प्रल्हादनं, तिला न विचारता, एका शब्दानंही न सांगता, कुस्तीच्या कार्यक्रमाला डॉक्टर म्हणून तिला उभं केलं होतं. ती लहान मुलांची डॉक्टर. तिच्या दवाखान्याच्या भिंतीवर जिराफ रंगवलेला. बाळाच्या आईनं विचारलं, "इज एव्हरीथिंग ओके?" "येस, येस," म्हणत तिनं लस टोचली. बाळानं क्षणभर श्वास कोंडला आणि मग जे काही भोकाड पसरलं, की तिला त्याचा हेवा वाटला. पूर्वीची मीनाक्षी असती तर तिथूनच, कॉरिडॉरमध्ये उभी राहून, नवऱ्याला फोनवर फाडून खाल्लं असतं. अंगठा त्याच्या नावापर्यंत गेलाही. मग तिनं फोन खिशात टाकला. संध्याकाळी जेवताना ती एवढंच म्हणाली, "ती मेल आली." तो म्हणाला, "हो का? चालेल ना तुला?" ती म्हणाली, "चालेल." आणि तो म्हणाला, "थँक यू." चौतीस वर्षांच्या संसारात बायकोला थँक यू! तिला ताटातली पोळी भिंतीवर फेकून मारावीशी वाटली. तिनं ती दुमडून खाल्ली.

आता हे प्रकरण नेमकं काय आहे ते सांगायला हवं, कारण मीनाक्षीला तीस वर्षांत ते कोणालाच धड सांगता आलेलं नव्हतं. टीव्हीवर भडक चड्ड्या घातलेले दांडगे एकमेकांच्या पाठीत खुर्च्या घालतात, ते हे नव्हे. तसं म्हटलेलं प्रल्हादला खपायचं नाही. ही जपान्यांची कुस्ती, शूट स्टाइल म्हणतात तिला. साध्या काळ्या चड्डीतले दोन पुरुष. उड्या नाहीत, सोंगं नाहीत, आरडाओरडा नाही. लाथा आणि पकडी. हात पिरगाळला, पाय मुरगाळला आणि सोसेना, तर कडेचा दोर धरायचा. मग समोरच्यानं सोडायचं, पण धरणाऱ्याचा एक गुण जातो. असे पाच गुण गेले की हरला. आणि एवढं सगळं खरंखुरं दिसत असताना कोण जिंकणार ते मात्र आधीच ठरलेलं! लग्नानंतर वर्षभरात प्रल्हाद रिफायनरीच्या प्रोजेक्टवर जपानात चिबाला गेला आणि तिथल्या एका सहकाऱ्यामुळे या कुस्तीच्या नादी लागला. मीनाक्षी पुण्यात एमडीच्या परीक्षेला बसलेली, आणि हा पत्रातून काय कळवतो, तर अमक्यानं तमक्याचा घोटा कसा धरला. ती महिनाभर तिकडे गेली तेव्हा तिलाही घेऊन गेला. दोन हजार माणसं चिडीचूप बसलेली. मॅटवर दोघं एकमेकांत गुंतून पडलेले, दहा दहा मिनिटं काही हालचाल नाही. तिनं मराठीत विचारलं, "हे झोपले का?" पुढच्या तीन रांगा वळून पाहायला लागल्या. बाहेर पडल्यावर स्टेशनच्या पायऱ्यांवर कडाक्याचं भांडण झालं होतं त्यांचं. आधी ठरवलंय तर मारायचं कशाला, हा तिचा मुद्दा. कोण जिंकणार ते ठरलंय, दुखणार नाही असं कोणी ठरवलंय, हा त्याचा. थंडीत दोघांच्या तोंडातून वाफा निघत होत्या आणि जाणारी-येणारी माणसं अदबीनं वळसा घालून जात होती. कान तापले होते, पोटात भूक पेटली होती. मग समोरच्या दुकानात दोघांनी दोन दोन वाडगे नूडल्स खाल्ले होते. तेवढं भांडून इतकं बरं वाटतं, हे तिला तोवर ठाऊक नव्हतं.

आणि आता इथं अमेरिकेत, शुगर लँडमध्ये, निवृत्तीला दोन वर्षं उरलेली असताना, प्रल्हादला मोरिवाकी सापडला होता. म्हणजे सापडून सहा वर्षं झाली होती. नेल सलॉन आणि डोनटच्या दुकानाच्या मधल्या गाळ्यात तो म्हातारा मुलांना कुस्ती शिकवायचा. प्रल्हादनं काचेतून त्याला पाहिलं आणि गाडी तिथंच थांबवली, कारण तरुणपणीच्या त्या माणसाला त्यानं चिबात तिसऱ्या रांगेतून पाहिलं होतं. तेव्हापासून दर रविवारी हा तिकडे. आता मोरिवाकीची किडनी गेली, आठवड्यातून तीनदा डायलिसिस, गाळा बंद व्हायच्या बेतात. म्हणून त्याच्यासाठी हा मदतीचा कार्यक्रम. कल्पना प्रल्हादची, हॉल महाराष्ट्र मंडळाच्या ओळखीतला, प्रेक्षक निम्मे मोरिवाकीचे शिष्य आणि निम्मी मंडळाची माणसं. कुस्ती म्हटल्यावर हौसेनं आलेली. कोणी म्हणे तांबडी माती असेल का!

शनिवारी ती गाडी चालवत होती. तो शेजारी. दहा महिन्यांपासून गाडी तीच चालवत होती. त्याला चालवायला डॉक्टरांनी केव्हाच परवानगी दिली होती, पण ती किल्ली आधी उचलायची आणि तो काही बोलायचा नाही. हेच, हेच तिला सहन होत नव्हतं. भांड माझ्याशी, म्हण की किल्ली दे. तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "एसी कमी करू का? तुला गार लागत असेल तर." ती म्हणाली, "तुला हवं तसं." "नाही नाही, तू सांग." "मला काहीही चालेल." हॉटेलातले दोन अनोळखी पाहुणे लिफ्टपाशी करतात तसं बोलणं. तेवढ्यात मुलीचा, रीमाचा, शिकागोहून मेसेज आला आणि गाडीनं तो मोठ्यानं वाचून दाखवला. "आई, प्लीज डोन्ट लेट हिम लिफ्ट एनिथिंग. अँड डोन्ट स्ट्रेस हिम आउट." दोघांनीही तो ऐकला नाही असं दाखवलं. पुढे सिग्नल लाल होता.

मार्चमधल्या त्या दिवशी मात्र ती बोलत होती. कोथिंबीर आणायला सांगितली होती आणि हा तशीच दिसणारी पार्सली घेऊन आला होता. तिसाव्या वेळी. वास तरी घ्यावा माणसानं! ती ओट्याशी उभी राहून सुनवत होती आणि तोही सोडत नव्हता, दुकानात पाट्याच चुकीच्या लावल्या होत्या वगैरे. मग ती म्हणाली, "तुला एक काम धड येत नाही." तो उत्तर द्यायला तोंड उघडून थांबला. स्टूल ओढलं, बसला, हात छातीवर. तिला आधी वाटलं नाटक करतोय. तीन सेकंद, फार तर चार, तिला नाटक वाटलं होतं. नंतर अँब्युलन्स, चार बायपास, सगळं व्यवस्थित पार पडलं. ती डॉक्टर आहे, तिला पक्कं माहीत आहे की त्या रक्तवाहिन्या वीस वर्षं बुजत आलेल्या होत्या आणि पार्सलीचा त्याच्याशी काही संबंध नाही. पण माहीत असून काय करायचं? हॉस्पिटलच्या खुर्चीत तिनं स्वतःला बजावलं की आता या माणसावर आवाज चढवायचा नाही, आपण बोललो तर हा मरेल. ते इतकं बाळबोध होतं की कोणाला सांगायचीही सोय नव्हती. तेव्हापासून ती मूग गिळून होती. राग आला की ती बाथरूममध्ये जाऊन नळ सोडायची. नळाचं पाणी हातावर घेत उभी राहायची आणि बाहेरून तो विचारायचा, "ऑल ओके?"

हॉलमध्ये शिरताच तिनं कपाळाला हात लावला. मंडळाच्या मंडळींनी रिंगच्या पायरीशी चपला-बूट काढून ओळीनं लावून ठेवले होते. कार्यक्रमपत्रिकेत पहिलं दीपप्रज्वलन. दुसरं सत्कार. मोरिवाकीला शाल आणि नारळ देऊन झालेला. म्हातारा मागच्या खोलीत खुर्चीवर शाल पांघरून, नारळ मांडीवर घेऊन बसला होता. त्याचा शिष्य हेक्टर, चाळिशीचा धिप्पाड गडी, तो नारळ फोडायचा असतो का म्हणून विचारत होता. शिवाय रिंगची घंटा ज्याच्याकडून यायची तो आलाच नव्हता, तेव्हा मंडळाच्या सुवर्णानं गणपतीच्या पेटीतून आरतीची घंटा काढून दिली. वेळेवर लक्ष ठेवायला आणि माइकवर बोलायला प्रल्हाद. पांढरा शर्ट घालून, टेबलाशी ताठ बसलेला, हातात ती पितळी घंटा. इतका खूष तो दहा महिन्यांत दिसला नव्हता, आणि तिला त्याचाही राग आला.

मोरिवाकीला तपासायला ती गेली. शेवटी दोन मिनिटांची त्याची आणि हेक्टरची झुंज होणार होती, तीही नुसती दाखवण्यापुरती. परवानगी द्यायची की नाही ते तिच्यावर होतं. सत्तरीचा माणूस, मान खांद्यात बसलेली, कान पार चुरगळलेले. बीपी बरं होतं. डाव्या हातावर डायलिसिससाठी शिरेला रोहिणी जोडलेली जागा, दोरासारखी फुगलेली. तिनं तिथं दोन बोटं टेकवली. आत सतत थरथर चालली होती, मांजर गुरगुरावं तशी. तो तिच्याकडे पाहत होता, शाळेतल्या मुलाच्या चेहऱ्यानं. सगळे तिच्याकडे असंच पाहतात, हिला विचारा, ही नाही म्हणेल. रीमाच्या लहानपणी झोपाळ्यावर उभं राहायला नाही म्हणणारी ती, आता मीठ नाही म्हणणारी, जिना नाही म्हणणारीही तीच. तिला स्वतःच्या तोंडातल्या 'नाही'चा कंटाळा आला होता. ती म्हणाली, "टू मिनिट्स. नोबडी टचेस द लेफ्ट आर्म." म्हाताऱ्यानं खुर्चीतूनच कमरेत वाकून नमस्कार केला. नारळ घरंगळला.

कुस्त्या सुरू झाल्या आणि पहिल्याच लढतीत घोळ. एकानं दोर धरला की मंडळाचे लोक टाळ्या वाजवायचे. त्यांना वाटे शिवला, गुण मिळाला. प्रल्हाद माइकवरून विनवत होता, "मंडळी, दोर धरला म्हणजे गुण गेला. गेला! कृपया तेव्हा टाळ्या नकोत." दोन मिनिटं शांतता, की पुन्हा दोर, पुन्हा टाळ्या. त्यात घंटा वाजली की पहिल्या रांगेतले टिकेकर काका सवयीनं हात जोडत. हेक्टरच्या हाताखालची पोरं गोंधळून टेबलाकडे बघायची. मीनाक्षी रिंगच्या कोपऱ्याशी उभी होती. जानेवारी असून हॉल दमट होता आणि वड्यांच्या तेलाचा वास येत होता. पोटरीवर लाथ बसली की आवाज सुका यायचा आणि तिच्या स्वतःच्या पोटरीत काहीतरी आखडायचं. हे खरंच लागतंय, तिच्या मनात आलं. बावीस वर्षांचं पोर ओठ चावत होतं, डोळ्यांत पाणी होतं, आणि ज्यानं पाय धरला होता तो त्याच्या चेहऱ्याकडे टक लावून पाहत होता. किती सोसेल, आता सोडावं का अजून थोडं धरावं, हे तो त्या चेहऱ्यावरून वाचत होता. दुष्टपणानं नव्हे. इतकं लक्ष देऊन कोणी कोणाकडे बघतं का? तिला वाटलं, आपण प्रल्हादकडे बघतो ते असं नाही. आपण मॉनिटरकडे बघतो.

मग मोरिवाकी आला. शाल काढून ठेवलेली, काळी चड्डी, वर पांढरा बनियन, डाव्या हाताला पट्टी. पायऱ्या एकटा चढला. सगळे उभे राहिले. घंटा वाजली, टिकेकर काकांनी हात जोडले, मीनाक्षीनं मनगटावरच्या घड्याळाकडे नजर टाकली. हेक्टरनं लाथ मारली, म्हणजे पाय नुसता मांडीला लावला. मोरिवाकीनं त्याला ओढून खाली घेतलं, म्हणजे हेक्टर आपणहून आडवा झाला. मग हेक्टरनं त्याचा पाय धरला, पण कसा, तर गुडघ्याला तेल चोळणाऱ्या नर्सनं धरावा तसा. हलक्या हातानं. लोक भारावून टाळ्या वाजवत होते, सुवर्णा डोळे पुसत होती. आणि मीनाक्षीला म्हाताऱ्याचा चेहरा दिसत होता. असा वैतागलेला चेहरा तिनं फक्त एकाच माणसाचा पाहिला होता, रोज, तिच्या हातून चहाचा कप घेताना. पन्नास सेकंदांवर मोरिवाकी थांबला. मॅटवर बसल्या बसल्या हेक्टरच्या छातीवर त्यानं उजव्या तळव्यानं धपाटा घातला. "प्रॉपर्ली," तो म्हणाला. "डू प्रॉपर्ली!" हेक्टरचा चेहरा रडवेला झाला. त्यानं मीनाक्षीकडे पाहिलं. मोरिवाकीनंही पाहिलं. रिंगभोवती उभी असलेली पोरंही तिच्याकडे बघायला लागली. काही झालं तर सही आपली, लायसन्स आपलं, आणि त्याही आधी हा माणूस. ती म्हणाली, "नॉट द लेफ्ट आर्म. एव्हरीथिंग एल्स, यस."

हेक्टरनं घोटा काखेत घेतला आणि मागे रेलला. मोरिवाकीच्या तोंडून आवाज निघाला, खोल, जुना. हे काही दाखवण्यापुरतं नव्हतं हे वडे तळणाऱ्यांनाही कळलं. म्हातारा पालथा झाला, उजव्या कोपरावर अंग ओढत दोराकडे निघाला, डावा हात छातीशी धरून. एक वीत. आणखी एक. मानेच्या शिरा ताठ, तोंड लालबुंद, आणि डोळे असे जिवंत की मीनाक्षीला तिथून नजर हलवता येईना. तिच्या हातांच्या मुठी वळल्या होत्या. एक मिनिट अडतीस. दोर त्याच्या बोटांपासून वीतभर राहिला होता. आणि घंटा वाजली.

हेक्टरनं ताबडतोब पाय सोडला. टाळ्यांचा नुसता कडकडाट. मोरिवाकी तसाच पालथा, हात पुढे केलेला. मग त्यानं मूठ वळून मॅटवर आपटली. एकदा, दोनदा. उठून बसला आणि टेबलाकडे बघत राहिला. मीनाक्षीनं पुन्हा घड्याळ पाहिलं. लहान बाळांचे श्वास मोजण्यात तिचा जन्म गेला होता, सेकंदात तिची चूक होत नसे. बावीस सेकंद बाकी होते. ती टेबलाशी कशी पोचली ते तिला कळलं नाही. प्रल्हाद घंटा दोन्ही हातांत धरून बसला होता.

"का वाजवलीस?" ती म्हणाली.

"झाली ना दोन मिनिटं."

"झाली नव्हती. बावीस सेकंद होते. त्याचा हात पोचत होता!"

"मीनू, तू त्याचा चेहरा पाहिलास का? मला बघवेना."

"बघवेना तर डोळे मिटायचे! घंटा कशाला वाजवायची? तीस वर्षं माझं डोकं खाल्लंस की हे खरं असतं, खरं असतं, आणि आता खरं झालं तर तूच घाबरलास?"

"त्याला काही झालं असतं म्हणजे?"

"मग मी कशाला उभी होते तिथं? हळदीकुंकवाला? मला न विचारता माझं नाव दिलंस, डॉक्टर म्हणून उभं केलंस, मी हो म्हटलं होतं त्याला. मी! तू कोण थांबवणारा?"

आवाज चढला होता. आपला आवाज असा असतो हे ती विसरूनच गेली होती. घसा खरवडून निघत होता. सुवर्णा धावत आली, "अगं मीनाक्षी, त्यांची तब्येत—" "तू मध्ये पडू नकोस," मीनाक्षी म्हणाली, आणि सुवर्णा होती तिथं थांबली. प्रल्हाद उभा राहिला. खुर्ची मागे पडली. खूप रागावला की त्याच्या तोंडात नागपूर येतं, ते तिच्या कानांवर मार्चनंतर आज पहिल्यांदा पडलं.

"अन् तू काय करून राहिली मग?" तो ओरडला. "दहा महिने झाले! आमटीत मीठ नाही तर मी गप्प, किल्ली हिसकली तरी गप्प. म्हटलं आज बोलेल, उद्या बोलेल. तू तर बोलूनच नाही राहिली! मी घंटा एकदा वाजवली, तू तर घरात रोज वाजवून राहिली. मेलो नाही मी अजून!"

त्याचा हात छातीकडे गेला. एक, दोन, तीन. हात शर्टाच्या वरच्या बटणापाशी थांबला. त्यानं ते उघडलं आणि मान मोकळी केली. चेहरा तांबडा झाला होता, कानशिलं घामेजली होती, गळ्यातली शीर टपटप उडत होती. शंभर, एकशे दहा. तिनं सवयीनं मोजलं. आता थांबायला हवं होतं. पाणी द्यायला हवं होतं, बस म्हणायला हवं होतं, आणि घरी जाताना गाडी तिनं चालवायला हवी होती. तो वाट पाहत होता. डोळे तिच्या चेहऱ्यावर रोवलेले, हनुवटी पुढे काढलेली, ही आता काय म्हणते म्हणून. रिंगच्या मधोमध मोरिवाकी पुन्हा पाय लांब करून बसला होता, हेक्टरनं घोटा काखेत घेतला होता, आणि उरलेल्या बावीस सेकंदांसाठी ते दोघं आणि सगळा हॉल घंटेची वाट बघत होता. भीती होती तशीच होती, गेली नव्हती.

"आणि दुसरं सांगते," ती म्हणाली.